घराण्याचं नाक

कावेरीची जुळी लेकरं सातव्या महिन्यातच जन्मली आणि संभाजीनगरच्या दवाखान्यात काचेच्या पेट्यांत जाऊन पडली. त्यामुळं सासरच्या माणसांना शहरात यायचं चांगलंच निमित्त मिळालं. काल वैजापूरच्या आतेसासूबाई आल्या. नळ्यांत गुरफटलेले ते मूठभर जीव बघून त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि मोठ्या मायेनं धीर दिला, "लई जीव लावू नगं बाई. तुझं वय थोडंच गेलंय? पुढच्या खेपंला धडधाकट व्हतील."

आज गंगापूरहून जीप भरून माणसं आली. आत सोडत नाहीत म्हटल्यावर सगळ्यांनी काचेला तोंडं लावली. अगदी समोरच्या पेटीत काविळीसाठी ठेवलेलं कुणाचं तरी गुटगुटीत बाळ होतं. चुलतसासरे काकासाहेबांनी त्याच्याकडं बोट दाखवून निकाल दिला, "नाक बघा, आपल्याच घराण्याचं हाय!" चुलतसासूबाईंना कपाळ ओळखू आलं, जावेला हनुवटी. जुळ्यांतलं दुसरं कुठं आहे, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. कावेरी नुसती मान डोलावत राहिली. कडाकडा बोटं मोडून, तोंडभर आशीर्वाद देऊन मंडळी मकबरा बघायला निघून गेली.

सगीरा सिस्टर दारातच उभ्या होत्या. "अहो ताई, तुमची बाळं तर तिकडं कोपऱ्यात आहेत. त्यांना सांगितलं का नाही?"

आत जाण्यासाठी हात धुताधुता कावेरी म्हणाली, "सांगितलं असतं, तर त्यांनी माझ्या लेकरांकडं बघितलं असतं."