अळणी

"मीठ कधीपासून बंद आहे?" डॉक्टर बंडोपंतांनी रूपाबाईला विचारलं.

"महिना झाला जी. सासूबाईंनी देवीला नवस बोलला व्हता. फेफरं थांबलं तर पोरीनं एक्केचाळीस दिवस अळणी खायाचं."

बाकावर तिची सोळा वर्षांची सगुणा डुलत होती. तोंडभर पुटकुळ्या, जीभ जड, उभं केलं की पाय लटपटत. हिंगोलीच्या याच दवाखान्यातल्या खारट औषधानं फेफरं थांबलं, तेव्हा घरात आनंदी आनंद झाला होता. आता तीच पोर आईला ओळखेना. बाहेरची बाधा आहे, असं त्यांच्या डोंगरकडा गावानं ठरवूनही टाकलं होतं.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "बाधा कसली, बाई! पोटात मीठ जात राहिलं, की हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. मीठ तोडलं, की आतच साठतं. तुम्ही रोज पाजत राहिलात आणि ते साठत राहिलं. त्याचं विष झालंय. लढाईपायी दुसरं औषध मिळत नाही, नाहीतर हे दिलंच नसतं. आता ते बंद. मिठाचं पाणी पाजा, भरपूर. आणखी आठ दिवस अळणी ठेवलंत, तर पोर हाती लागायची नाही."

नवस मोडायचा? सासूनं तिला त्याच पावली माहेरी धाडलं असतं. आणि नवरा, तातेराव? तो आईपुढं कधी ब्र काढेल तर शपथ! रूपाबाईनं कुणाला विचारलंच नाही. सासू म्हशीची धार काढायला गेली, की ती लेकीला मिठाचं पाणी पाजायची. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच लेकीला, चोरून!

बाराव्या दिवशी सगुणा चुलीपाशी येऊन बसली. "आई, भूक लागली," म्हणाली. रूपाबाई ढसाढसा रडली.

सासूनं मात्र गावभर डंका पिटला. एक्केचाळीस दिवस पुरे झाले, देवी पावली! देवीची ओटी काय, वाजंत्री काय, नुसती धमाल.

ते ऐकून तिसऱ्या दिवशी हिंगोलीकडच्या गोरेगावचा दगडोबा दारात आला. कडेवर सात वर्षांची नात.

"हिलाबी फेफरं येतं, माय. हिंगोलीचंच खारट औषध चालू हाय, गुण येऊन राहिला. तुमच्या देवीचं आयकलं. आजपास्नं हिचंबी मीठ तोडतो म्हणलं. पर खरं सांगा, तुमी अळणी बराबर पाळलं नं? मधी कुठं मोडलं तर न्हाई?"

सासू रूपाबाईच्या मागं येऊन उभी राहिली. कडेवरची पोरगी रूपाबाईकडं बघून हसली.

"न्हाई बाबा," रूपाबाई म्हणाली, "एकबी दिवस मोडला न्हाई."