रुपाली बोलते

तलावाच्या पाळीवर मनसाराम रिकामा डबा बडवत होता आणि चार वर्षांची रुपाली त्या ठेक्यावर पाय आपटत होती. भोवती सात-आठ माणसं. मासळीचं वजन थांबलेलं, काट्यावर रोहू तसेच पडलेले. कुणी खर्रा चघळत होतं, कुणी मोबाइल रोखून उभं होतं.

"नाच वं माय, नाच! बोलून दाखव!"

रुपालीने पाय आपटला. ओठ जुळले. 'मा' आता बाहेर पडणार, तोच हशा उसळला. मनसारामने रोजच्यासारखं खिशातून चॉकलेट काढून तिच्या पसरलेल्या हातावर ठेवलं. शब्दासाठी थांबायला कुणाला वेळ होता? त्यांना नुसते पायच पुरत होते.

टोपली घेऊन आलेल्या गिरजाने आपल्या पोरीला त्या घोळक्यात पाहिलं आणि तिला शिसारी आली. त्यांची आली, त्याहून जास्त स्वतःची आली. आठ दिवसांपूर्वी तिनेच रुपालीला इथे आणून उभं केलं होतं. 'मुकी, मुकी' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायची होती तिला. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात अडखळत्या पोरांना बोलायला शिकवणाऱ्या नाहीदबाईंनी तीन महिने खपून पोरीला बोलतं केलं होतं. एका अक्षराला एक पाय. आ-ई. पा-णी. मा-सा. पाय पडला की अडलेला शब्द सुटायचा. "पायाकडे नका पाहू, शब्दाची वाट पाहा," असं त्या दर मंगळवारी बजावत. त्या दिवशी रुपालीने पाळीवर 'मा-सा' म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि गिरजा फुशारून गेली होती.

तिने टोपली खाली आदळली आणि मनसारामच्या हातातला डबा हिसकावला.

"मनसारामभाऊ, पोरगी हाये माही. अस्वल नाई."

"काऊन तापतेस वं?" तो दात काढत म्हणाला. "रोज येते, खुशीनं नाचते. आमी का बांधून ठेवलं तिले? तुह्याच पोरीले बोलतं करून राह्यलो."

"मंग आज काय बोलली ते? सांगा ना. एक शब्द सांगा."

मनसारामने शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्याने खर्ऱ्याची पिंक टाकली. मोबाइलवाल्याने मोबाइल खिशात घातला.

गिरजाने रुपालीला उचललं आणि पाळ उतरून मोहाच्या झाडाखाली आणलं. पोरीच्या ओठांना लागलेलं चिकट चॉकलेट तिने पदराने पुसलं, जरा जोरातच. मग तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"इथी कोणी नाई. तू न् मी. घाई नाई. मले हाक मार. आ-ई म्हण."

तिने जमिनीवर दोनदा थाप दिली, नाहीदबाई देत तशी. आणि वाट पाहत राहिली.

रुपालीने आईकडे पाहिलं. डावा पाय आपटला. उजवा आपटला. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. तोंड मिटलेलंच होतं.

मग ती थांबली आणि तिने आईपुढे हात पसरला.