वकिलाला चार

मतदानासाठी आलेल्या आप्पानं बारामतीच्या कचेरीच्या ओट्यावर बसून धुळीत बोटानं चाराचा आकडा काढला, मान तिरकी करून निरखला आणि विचारलं, "जमला का रं, महिपती?"

"जमला," महिपती म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

जमला होता, अगदी झकास जमला होता. आप्पा म्हणजे साठी उलटलेला धनगर गडी, जन्मात कधी पाटीला हात लावलेला नाही. आळीनं बिनविरोध निवडून इंदापूरच्या नगरपालिकेत बसवला, तिथंही अंगठाच उठवायचा. पण मुंबईच्या विधान परिषदेची निवडणूक आली, नगरपालिकेच्या सभासदांनी उमेदवाराच्या नावापुढं आकडा लिहून मत द्यायचं म्हणून कळलं, आणि पठ्ठ्या महिपतीच्या वांग्याच्या वाफ्यात येऊन बसला. महिपतीही सभासद, शिवाय सातवी पास. चार दिवस ओल्या मातीत काडीनं गिरवून आप्पा दोन आकडे शिकला. एक आणि चार.

पहिल्या दिवशीच घोटाळा झाला होता. उमेदवार चार होते. जो सगळ्यांत पहिला हवा त्याच्यापुढं एक लिहायचा, त्याच्या खालोखाल जो बरा वाटेल त्याच्यापुढं दोन, असं करत सगळ्यांत शेवटच्यापुढं चार. सरकारी पत्रक मोठ्यानं वाचत महिपती 'नावापुढं आकडा घालावा' इथवर आला, तेवढ्यात आप्पानं मांडीवर थाप मारली. "मग खळदकर वकिलाला चारीच्या चारी! माझं पोरगं खोट्या चोरीत अडकलं तवा त्या देवमाणसानं सोडवून आणलं. फी म्हणून घोंगडं दिलं तर त्ये बी घेतलं न्हाय."

आप्पाचा हिशेब मेंढरांचा. एक म्हणजे एक मेंढरू, चार म्हणजे चार. त्यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?

"चारच ना रं?" त्यानं विचारलं होतं.

"हूं," महिपती म्हणाला होता, आणि पुढचं पत्रक न वाचता घडी करून खिशात घातलं होतं. त्याचा माणूस हुलवळे. निवडून आलो तर तुझ्या रानाला पाटातून नवी मोरी काढून देतो, असा हुलवळेसाहेबांचा शब्द होता. पाटाच्या शेवटाला रान असलं की दरसाल वांगी कशी करपतात, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तरी खोटं असं महिपती काही बोलला नव्हता. वकिलाचं नाव वरून तिसरं आणि हुलवळ्यांचं पहिलं, हेही त्यानं खरंच सांगितलं होतं. चार दिवस तो स्वतःची अशी समजूत घालत होता आणि रोज सकाळी लाज वाटूनच उठत होता.

"आन् ऐक," आप्पा हात झटकत म्हणाला, "तुझ्या हुलवळ्याला बी एक टाकतो. तू माझ्यापायी एवढा खपलास, तुझं मन कशाला मोडू?"

तो एकचा आकडाच हुलवळ्यांना सगळं मत मिळवून देणार होता, आणि आप्पा तो दोस्तीखातर घालत होता.

"आप्पा, जरा थांबा..." तो कसाबसा म्हणाला.

तेवढ्यात शिपायानं आप्पाचं नाव पुकारलं. आप्पा पटका सारखा करत आत गेला. "लिहिता येत नसेल तर सांगा, मी लिहून देतो," असं आतले साहेब म्हणाले. "येतंय की!" आप्पानं असं उत्तर दिलं की साऱ्या ओट्याला ऐकू गेलं. अजूनही उठून हाक मारता आली असती. महिपती जागचा हलला नाही.

आप्पा बाहेर आला तो थेट फाटकाकडे निघाला. तिथं चिंचेखाली खळदकर वकील येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत उभे होते. म्हातारा आता सगळं बोलून बसणार, या धास्तीनं महिपती मागोमाग धावला, पण उशीर झाला होता.

"वकीलसाहेब, चार घातली तुमाला! हुलवळ्याला निस्ती एक."

वकिलांचे जोडलेले हात तसेच राहिले. "आकडे कुणी शिकवले, आप्पा?" त्यांनी हळूच विचारलं.

"ह्यानं. पोटच्या पोरानं शिकवलं नसतं इतकं."

वकिलांनी महिपतीकडे एकदा पाहिलं. मग आप्पाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फार दिलीत आप्पा. इतकी मला कुणीच दिली नसतील." चारचौघांत त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं महिपतीला वाटलं.

"महिपती सोनबा राऊत!" शिपाई ओट्यावरून ओरडला.

महिपती वळला, तसं आप्पानं त्याचं मनगट धरलं आणि त्याला चार पावलं बाजूला नेलं.

"गड्या, तुझ्या सायबाला दोन घाल, तीन घाल, चार घाल, माजं काय म्हननं न्हाय," तो आवाज खाली आणून म्हणाला. "पर वकिलाला एक तरी घाल. लई मागत न्हाय मी."