जांघेतली गाठ

"कधीपासून आहे हे, काका?" सर्जनने विचारलं. ती समोरच्या क्रेनवाल्याच्या धाकट्या मुलीच्या वयाची होती.

"असेल दोन-तीन महिने," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

त्याची बायको दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. "नऊ वर्षं," ती म्हणाली.

त्याने चमकून मागे पाहिलं. गोदीत दिवसभर तो वर क्रेनच्या केबिनमध्ये एकटाच असायचा. घरी बाथरूमला कडी. गाठ कुणाच्या नजरेला पडली नाही, असंच तो धरून चालला होता.

सर्जनने रिपोर्ट खाली ठेवला. "तुमचं मूत्राशय जांघेतल्या हर्नियात उतरलंय. लघवी तिथे अडकते. मागे तुंबून डावी किडनी फुगली आहे. लघवीला जाता तेव्हा नेमकं काय होतं?"

तो पुन्हा भिंतीकडे बघू लागला.

"आधी थोडी होते," बायको म्हणाली. "मग थांबतात. हाताने गाठ दाबतात. मग उरलेली होते. बाहेर आवाजावरून कळतं."

"मग आधी का नाही आणलंत यांना?"

"ते लपवत होते," ती म्हणाली. "मी लपवू दिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. कमरेत इंजेक्शन दिल्यामुळे तो जागा होता. पडद्यापलीकडे आपल्याच अंगात कुणी सामान हलवतंय, असं त्याला वाटत राहिलं. दुखत काहीच नव्हतं.

सर्जन बाहेर आली. "मूत्राशय जागेवर बसवलं. जाळी लावून वाट बंद केली. काका ठीक आहेत. किडनीचं मात्र आताच सांगता येणार नाही. फार उशीर झालाय."

"बरं," बायको म्हणाली.

वॉर्डात आणल्यावर तो छताकडे बघत पडून राहिला. पलंगाला अडकवलेली लघवीची पिशवी सावकाश भरत होती. नर्स येऊन आकडा लिहून गेली.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"नऊ वर्षं गप्प बसलीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "पाय जागेवर आहेत का गं? त्या इंजेक्शनपासून काही कळेनासं झालंय."

ती उठली. चादर सारून त्याच्या तळव्यावर हात ठेवला. "लागतोय हात?"

"नाही."

तिने हात तसाच राहू दिला.