डोहापर्यंत

पुलाजवळ बस थांबली आणि कांताबाई उतरली. कन्हानच्या वाळूत रविवारची गर्दी होती. नागपूरहून आलेल्या लोकांनी गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजायला घातले होते. पोरं उथळ पाण्यात ट्यूबवर तरंगत होती, हसण्याखिदळण्याचा नुसता कल्ला चालला होता. कोणाकडेही न पाहता ती वरच्या अंगाला चालत गेली.

शेजारच्या मीराबाईनं सांगितलं ते खरं निघालं. कांताबाईचा नवरा, मार्तंड, छातीइतक्या पाण्यात हातपाय मारत होता. पन्नाशीचा माणूस. त्याच्या पोटाखाली रुपराव नावाड्याचा हात होता.

दोन वर्षांपूर्वी अशाच सहलीला त्यांचा मुलगा धनराज या नदीत बुडून गेला. मार्तंडला पोहता येत नव्हतं. तो काठावरून ओरडत राहिला. "तुमी नुसते पाहत राहिले," असं कांताबाई त्याला चारचौघांत म्हणाली होती. तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलणं.

तिला पाहून तो बाहेर आला. थंडीनं त्याचे दात वाजत होते.

"मागासाठी सूत आणाले जातो सांगून इथं येऊन राहिले?"

त्यानं होकाराची मान हलवली.

"आता पोहणं शिकून कोणाले वाचवता?"

"कोणालेच नाही." तो वाळूकडे पाहत म्हणाला, "पोरगा ज्या डोहात गेला, तिथं मी पोचलोच नाही, कांता. एकदा जाऊन येतो."

कांताबाई रुपरावकडे वळली.

"याइले आज तिथवर नेता काय, भाऊ?"

"तिथं पाय टेकत नाही, वहिनी."

"माहीत हाय मले." तिनं लुगडं वर खोचलं आणि ती काठाला बांधलेल्या त्याच्या लहान होडीत, डोंग्यात, जाऊन बसली. "चाला. मीबी येतो."

रुपरावनं बांबू रेटला. डोंग्याचा काठ धरून मार्तंड आधी चालत, मग पोहत सोबत निघाला. पाणी हिरवं झालं, मग काळं. डोहाच्या मधोमध रुपरावनं डोंगा थांबवला.

मार्तंडनं डोंग्याचा काठ सोडला. एकदा खाली गेला, वर आला, तोंडातलं पाणी थुंकून हात मारू लागला.

त्याला धरायला कांताबाईचा हात पुढं गेला होता. पण त्याला न धरता तिनं तो हात, पोरगा गेला त्या पाण्यात बुडवला, आणि तसाच राहू दिला.