घंटी चिंगीच्या हातात

"आणि तेव्हा त्या पोरीनं तोंड उघडलं!" आजोबा गरजले, आणि नेमका त्याच क्षणी घड्याळाचा काटा लाल खुणेवर आला.

चिंगीचं बोट घंटीवरच होतं. दाबायचं, बस्स. पण आजोबांच्या गोष्टीतल्या नावेला भोक पडलंय हे फक्त नावाड्याच्या पोरीला ठाऊक, नाव माणसांनी गच्च भरलेली, बोललं तर बापाची फेरी बुडते, न बोललं तर माणसं बुडतात, आणि अशा वेळी घंटी वाजवायची? ही काय चेष्टा आहे! अख्खं सभागृह श्वास रोखून बसलं होतं. एवढं ऐकू, मग वाजवू, असं म्हणून चिंगीनं बोट तसंच ठेवलं.

आज वाद काय रंगला होता म्हणता! मुलं खरं बोलायला शिकतात ती प्रवचनानं, की मोकळ्या चर्चेनं? एका टेबलाशी आजोबा, दर रविवारी याच सभागृहात मुलांना प्रवचन देणारे. समोरच्या टेबलाशी त्यांची सून, म्हणजे चिंगीची आई, दातांची डॉक्टर. जो जिंकेल, रविवारचा तास त्याचा.

आईनं सुरुवातीलाच टाळ्या घेतल्या होत्या. "माझ्या खुर्चीत बसलेल्या मुलाला विचारा, रोज दात घासतोस का? ते आधी आईच्या तोंडाकडे बघतं! अहो, बोलू द्या की त्यांना. रागावणार नाही म्हणा, आणि खरंच रागावू नका."

"नुसतं बोलून दात स्वच्छ होतात का, सूनबाई?" आजोबा उसळले होते. "घासायची सवय लहानपणीच लावावी लागते!" त्यावर असा हशा पिकला की आईलासुद्धा हसू आवरेना.

घंटी आईच्याच दवाखान्यातली होती. घड्याळाचं तोंड फक्त चिंगीकडे. घंटीनंतर बोललेलं धरायचं नाही, हा नियम. वेळ बघायला घरातलीच पोर कशाला बसवता, अशी कुरकुर झाली तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या, "दोन्ही बाजूंची सारखीच आहे ना? मग झालं तर!"

तर गोष्टीतल्या पोरीनं सगळ्यांना खरं सांगून टाकलं. माणसं भराभर उतरली, बापाची फेरी गेली. "आणि दुसऱ्या दिवशी," आजोबा हळूच म्हणाले, "सगळा गाव त्याच नावेत बसायला आला."

तेव्हा कुठे चिंगीनं घंटी वाजवली. पण ऐकणार कोण! टाळ्यांचा नुसता कडकडाट. अध्यक्षबाईंनी हात वर करायला सांगितले, तर आजोबांच्या बाजूनं असे हात उठले की मोजायची गरजच उरली नाही.

चिंगीला आनंदानं उड्या माराव्याशा वाटल्या. आजोबांचा तास राहिला! रविवारच्या गोष्टी राहिल्या! पण पाय काही उचलेनात. आई आपले कागद गोळा करत हसून म्हणाली, "हरले बाबा मी. गोष्टच तशी होती." हे ऐकलं आणि चिंगीनं घड्याळाकडे बघितलं. घंटीला उशीर झाला हे कुणाला कळलं नव्हतं. कधी कळणारही नव्हतं.

"थांबा!" चिंगी ओरडली. आपलाच आवाज तिला भलताच मोठा वाटला. "घंटी मी उशिरा वाजवली. वेळ आधीच संपली होती."

"विसरलीस का गं?" अध्यक्षबाईंनी सांभाळून घेतलं.

"नाही. काटा बघितला होता मी. मला शेवट ऐकायचा होता. आणि आजोबा हरायला नको होते."

आजोबा ताडकन उठले. चेहरा कसा फुललेला! "बघितलंत? बघितलंत? ही माझी नात! संस्कार म्हणतात ते याला!"

"संस्कार कसले, बाबा?" आईही उठली, तिचेही डोळे चमकत होते. "भर सभेत बोलली ती! का बोलली? घरी कुणी रागावत नाही म्हणून बोलली!"

"तुझं ऐकून?"

"मग काय तुमचं?"

झालं! मागच्या रांगेतले आजोबांच्या बाजूनं उठले, पुढचे आईच्या बाजूनं. खुर्च्या सरकल्या, हातवारे सुरू झाले, कुणी म्हणे शिकवण, कुणी म्हणे मोकळीक. ज्यानं त्यानं आपलंच घोडं पुढे दामटलं. चिंगी कोण, काय म्हणाली आणि का म्हणाली, सगळं राहिलं बाजूला. मतं पुन्हा घ्यायला हवीत, हे तर कुणाच्या गावीही नव्हतं. चिंगीनं एकदा आजोबांकडे बघितलं, एकदा आईकडे. रडू येईल असं वाटलं, पण आला तो रागच.

तिनं घंटीवर तळहात मारला. मारतच राहिली.

"दोघांचीही वेळ संपली!" ती म्हणाली. "मतं पुन्हा घ्या."

"म्हणजे गोष्टीचा शेवट सोडून?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो. पोरीनं तोंड उघडलं, इथपर्यंतच धरायची."

आजोबांचं बोट अजून हवेतच होतं. त्यांनी ते हळूच खाली घेतलं आणि सगळ्यांच्या आधी खुर्चीत बसले. मग सुनेकडे झुकून कुजबुजले, "आता वाजवली बघ. अगदी वेळेवर."