चालणारी ओळ

गोपाळ बाहेरून आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आला आणि पाहतो तर आठवडाभर अडलेलं पान चालत होतं. समोर सुधा बसली होती, त्याची बायको.

पान होतं हळदीचे व्यापारी शेषराव यांच्या वेबसाइटचं. कांडी, गट्टू, पावडर, या हळदीच्या प्रकारांतल्या एकावरही खूण न करता गिऱ्हाइकानं ऑर्डर पाठवली, तर त्याला तिथंच अडवायचं, एवढंच काम. पण साइट बांधणाऱ्यानं त्या रकान्याच्या नावातच चौकोनी कंस घातले होते. गोपाळ आधी टिंब देऊन ते नाव लिहायचा आणि पान चालवणारी भाषा, जावास्क्रिप्ट, कंसापाशी अडखळायची.

"कसं झालं?"

"टिंब काढलं," सुधा म्हणाली. "अख्खं नाव अवतरणचिन्हांत घातलं आन् ते कंसात दिलं. मग घेतलं त्यानं."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. करून पाहून राहिले होते."

लग्नानंतर वसमतच्या याच क्लासमध्ये गोपाळनं तिचा हात धरून तिला माऊस फिरवायला शिकवलं होतं. तेव्हा ती दर चुकीला त्याच्या तोंडाकडे पाहायची. आता तिनं पडद्यावरची नजरही काढली नव्हती.

तेवढ्यात शेषराव आले. त्यांनी स्वतः बटण दाबून पाहिलं. पानानं बरोबर अडवलं.

"जमवलं की सर तुमी."

"जमलं," गोपाळ म्हणाला. सुधाकडे त्यानं पाहिलं नाही.

"मग फोनच्या रकान्यालाबी असंच करा. आत्ताच."

गोपाळ खुर्चीत बसला. फोनच्या रकान्याच्या नावात कंस नव्हते, मधे फक्त एक आडवी रेघ होती. त्यानं सवयीनं टिंब दिलं. चूक आली. पुन्हा दिलं, पुन्हा आली. शेषराव खुर्चीमागं उभे होते.

"सर," सुधा हळूच म्हणाली. क्लासमध्ये ती त्याला सरच म्हणायची. "मघाशी तुमीच सांगितलं ना, रेघ असली की ते वजाबाकी समजतं. हेबी अवतरणात घ्यायचं."

त्यानं तसं लिहिलं. चाललं.

"बाई हुशार हैत," शेषराव निघताना म्हणाले. "तुमची शिकवण, सर."

गोपाळ हसला. दार लागलं तसं ते हसू गेलं.

"काहून बोलली मधी?"

"तुमी अडले होते."

"उद्यापासून क्लासला येऊ नको. घरी लेकरू रडतंय."

"ते आत्याबाईंजवळ मजेत है." सुधानं पदर खोचला, पिशवी उचलली. "येत न्हाई. पण उद्या कुणाचं अडलं तर?"

ती जिना उतरून गेल्यावर गोपाळनं पान उघडलं, तिची चालणारी ओळ पुसली आणि त्या जागी पुन्हा टिंब देऊन लिहायला सुरुवात केली.